ल्युपस आणि विदर्भातली खेडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ल्युपस म्हणजे नेमकं काय?

शरीराची रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढायच्या ऐवजी स्वतःच्याच पेशींवर उलटते, तो हा आजार. पूर्ण नाव सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस. केसपेपरवर डॉक्टर बहुतेक वेळा ‘एसएलई’ एवढंच लिहितात. त्वचा, सांधे, रक्त, मूत्रपिंड, फुप्फुसाचं आवरण, मेंदू यांपैकी काहीही यात धरलं जातं, आणि प्रत्येकीचा आजार वेगळा दिसतो. जुन्या कागदावर ‘ल्युपस व्हल्गॅरिस’ असं लिहिलेलं असेल तर तो मात्र त्वचेचा क्षयरोग आहे. नाव सारखं असलं तरी उपचार अगदी वेगळे.

गावखेड्यात हा आजार किती जणांना असतो?

भारतातल्या खेड्यांबद्दल सगळ्यात जास्त सांगितला जाणारा आकडा १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतला आहे. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागातल्या सुमारे ९२ हजार लोकांमधून तो काढला होता: लाखामागे ३.२. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०२३ मध्ये मांडलेला अंदाज लाखामागे सुमारे ४४ आहे. अमेरिकेतला आकडा लाखामागे ७० च्या पुढे जातो.

आता हे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला लावून बघा. सपाट भागात एका केंद्राखाली साधारण ३० हजार लोकसंख्या धरतात, आदिवासी भागात २० हजार. लाखामागे ३.२ धरलं तर ३० हजारांत एक रुग्ण येतो. ४४ धरलं तर तेरा. खरा आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठेही असू शकतो, पण शून्य नक्कीच नाही. लाखामागे ३.२ म्हणजे त्या ९२ हजारांत प्रत्यक्षात तीन माणसं. इतक्या लहान संख्येत एखादी बाई पाहणीच्या दिवशी माहेरी गेलेली असली तरी आकडा पार बदलतो. म्हणून ‘हा आजार आपल्याकडे नसतोच’ असं या पाहणीच्या आधारावर कुणी म्हणू नये.

मग आमच्या गावात कुणाला झाल्याचं कधी ऐकलं का नाही?

कारण तो दुसऱ्या नावांनी ओळखला जातो. सांधे दुखले की ‘वात’, चेहरा काळवंडला की ‘वांग’, ताप येत-जात राहिला की ‘मुरलेला ताप’, हिमोग्लोबिन सातवर आलं की ‘बाईच्या जातीला रक्त कमीच असतं’. चार लक्षणं चार जणांकडे दाखवली जातात आणि एकाच केसपेपरवर कधी येत नाहीत.

शिवाय आपल्या भागात ल्युपससारखे दिसणारे आजार भरपूर आहेत. २०२४ च्या पावसाळ्यात नागपूर भागात चिकुनगुनियाची मोठी लाट आली. त्यात सांधे महिनोन्‌महिने दुखतात आणि नाकाचा शेंडाही काळा पडतो. पूर्व विदर्भात कुष्ठरोग अजून सापडतो आणि त्यातही चट्टे, सूज, नसांचं दुखणं असतं. क्षयरोगात ताप येतो, वजन उतरतं, छातीत पाणी होतं. ल्युपसमध्येही हे तिन्ही होतं. आणि सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार, तो आहेच, त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

तिसरं कारण अंतर. सिरोंचा, भामरागड किंवा धारणीहून मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे जाण्यायेण्यात दिवस मोडतो, मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागतो. बाई दुखणं अंगावर काढते. पायावर सूज येऊन चालवेनासं झाल्यावरच घर हलतं, आणि तोवर मूत्रपिंडाचं बरंच नुकसान झालेलं असतं.

कुणाला होण्याची शक्यता जास्त? बायकांनाच का?

दहा रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात, बहुतेक १५ ते ४५ या वयातल्या. इस्ट्रोजेन हा संप्रेरक हे एक कारण. दुसरं एक्स गुणसूत्राचं: रोगप्रतिकाराशी संबंधित काही जनुकं त्यावर आहेत, आणि बाईकडे अशी गुणसूत्रं दोन असतात. पुरुषाला होत नाही असं नाही. उलट पुरुषात शंकाच घेतली जात नाही म्हणून निदान आणखी उशिरा होतं.

घरात एकीला आहे. लेकरांना होईल का?

बहुतेक लेकरांना होत नाही. हुबेहूब सारख्या जुळ्यांमध्ये एकाला ल्युपस असला तरी दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साधारण २५ ते ३५ टक्केच आहे. रक्तातून येते ती प्रवृत्ती. आजार उठायला वरून आणखी काही लागतं. घरातल्या सगळ्यांची एएनए (ल्युपसची शंका असताना करतात ती रक्ताची पहिली तपासणी) करत सुटण्याची गरज नाही. बहिणीला किंवा मुलीला सहा आठवड्यांहून जास्त सांधेदुखी, तोंडात फोड किंवा उन्हाने चट्टे असं काही दिसलं तर मात्र ‘घरात ल्युपस आहे’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

उन्हाने ल्युपस होतो का? शेतात जायचं नाही का?

ज्याच्यात प्रवृत्ती नाही त्याला उन्हाने ल्युपस होत नाही. पण ज्याला आहे त्याचा आजार ऊन भडकवतं, आणि फक्त त्वचेवर नाही. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, त्यांच्या केंद्रकातला माल बाहेर पडतो आणि प्रतिकारशक्ती नेमकी त्याच्याच मागे लागते. चट्टे पुष्कळदा लगेच येत नाहीत. काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी उठतात. म्हणून मे महिन्यातल्या तेंदूपत्त्याचा आणि जूनमधल्या सांधेदुखीचा संबंध कुणी जोडत नाही.

उष्णता आणि अतिनील किरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबरात कापूस वेचताना ऊन कोवळं वाटतं, पण भर दुपारी किरणं असतातच. ढगाळ दिवशीही ती पोचतात.

शेत सोडा असं सांगून मजुरीवरच्या घराला काही उपयोग नाही. वेळ आणि काम बदलता येतं:

सकाळी १० ते दुपारी ४ हा काळ टाळा. निंदण आणि वेचणीला उजाडताच लागा, दुपारी थांबा. तेंदूपत्त्यात पानं तोडायचं काम घरातल्या दुसऱ्या माणसाने करावं, ल्युपस असलेल्या बाईने घराच्या सावलीत पुडके बांधावेत. धानाच्या रोवणीत ढग आले म्हणून बाह्या वर करू नका.

कापड उजेडासमोर धरून बघा. पलीकडचं दिसत असेल तर किरणंही पार होतात. पातळ पांढरी ओढणी म्हणून फारशी कामाची नाही, आणि घामाने ओली झाल्यावर आणखीच कमी. गर्द रंगाचा, घट्ट विणीचा सुती दुपट्टा, पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट लुगड्यावरून, आणि रुंद काठाची टोपी किंवा दुपट्ट्याची पुढे आलेली झाप चांगली. मान आणि कान उघडे राहतात, तिकडे लक्ष द्या.

सनस्क्रीन परवडत असेल तर एसपीएफ ३० किंवा जास्त घ्या. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकी, निघायच्या १५-२० मिनिटं आधी लावा, आणि दर दोन तासांनी पुन्हा. घामाने वाहून जाते, त्यामुळे सकाळी एकदा लावून दिवसभर वेचणी केली तर तिचा भरवसा नाही. एकच खर्च झेपत असेल तर आधी जाड कापड घ्या.

ऊन टाळल्याने ड जीवनसत्त्व कमी पडतं. त्याची गोळी किंवा पावडर डॉक्टरांकडून लिहून घ्या, मनाने दर आठवड्याला घेत राहू नका.

कपाशीवरच्या फवारणीचा संबंध आहे का?

आहे असं मानायला आधार आहे. अमेरिकेत पन्नाशीच्या आसपासच्या आणि पुढच्या सुमारे ७७ हजार स्त्रियांच्या पाहणीत, ज्या स्वतः वर्षाला सहा किंवा जास्त वेळा कीटकनाशक वापरत होत्या त्यांच्यात संधिवात आणि ल्युपस मिळून धोका जवळपास दुप्पट दिसला. यावरून कीटकनाशक हेच कारण असं सिद्ध होत नाही, पण कपाशीच्या पट्ट्यात दुर्लक्ष करण्यासारखंही हे नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. ती तीव्र विषबाधा होती, काही तासांत दिसणारी. ल्युपसचा प्रश्न वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात जाण्याचा आहे, आणि त्यात फवारणाऱ्यापेक्षा घरातली बाई विसरली जाते. औषध कालवायला पाणी आणणारी ती, फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी निंदायला जाणारी ती आणि पंपवाल्याचे कपडे धुणारीही तीच. डब्यावर लिहिलेल्या मुदतीआधी वावरात शिरू नका. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुवा. रिकामा डबा घरात धान्य-पाण्याला वापरू नका. ल्युपस असलेल्या बाईने कालवणं आणि फवारणं या दोन्हींपासून लांब राहावं.

दगडखाणीवर, गिट्टी क्रशरवर काम केल्याने?

इथला पुरावा कीटकनाशकापेक्षा भक्कम आहे. दगडाच्या धुळीतली बारीक सिलिका फुप्फुसात बसते आणि प्रतिकारशक्तीला सतत चिथावत राहते. ल्युपस, संधिवात आणि त्वचा कडक होण्याचा आजार या तिन्हींशी तिचा संबंध दिसला आहे. कोरडा दगड फोडण्यापेक्षा पाणी मारून फोडला तर धूळ पुष्कळ बसते. तोंडाला रुमाल बांधून सिलिका अडत नाही, कण फारच बारीक असतात. एन-९५ मास्क लागतो.

विडी, खर्रा, चूल?

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ल्युपसचा धोका न ओढणाऱ्यांच्या साधारण दीडपट दिसतो. शिवाय हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही ल्युपसची मुख्य गोळी त्वचेच्या चट्ट्यांवर धूम्रपान करणाऱ्यांत कमी लागू पडते.

खर्‍याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा, त्रास वेगळा आहे. ल्युपसमध्ये तोंडात, बहुतेक वेळा टाळूवर, न दुखणारे फोड येतात. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात आधीच चट्टे आणि सोललेली त्वचा असते, त्यामुळे हे फोड त्यात लपतात. तपासणीला जाताना खर्रा खात असाल तर लपवू नका.

कोणत्या खाण्याने होतो?

वांगं, दही, आंबट यांनी ल्युपस होत नाही आणि ते सोडून बराही होत नाही. एकच वस्तू खरोखर टाळायची: लसूणघास, म्हणजे आपण जनावराला घालतो तो चारा. त्याच्या मोडांत आणि त्यापासून केलेल्या ‘ताकदीच्या’ गोळ्यांत एल-कॅनाव्हनिन असतं, त्याने आजार उठू शकतो. नेहमीच्या लसणाशी याचा संबंध नाही.

टीबीच्या गोळ्यांनी ल्युपस होतो असं ऐकलं.

आयसोनियाझिडने क्वचित ल्युपससारखा आजार होतो: सांधेदुखी, ताप, छातीत दुखणं. ब्लडप्रेशरच्या हायड्रॅलाझिननेही होतो. असा आजार मूत्रपिंडाला सहसा धरत नाही आणि औषध बंद केल्यावर काही आठवड्यांत ते महिन्यांत ओसरतो. पण टीबीची गोळी स्वतःहून बंद करू नका. टीबी अर्धवट राहिला तर तो यापेक्षा कितीतरी वाईट. आधी डॉक्टरांना दाखवा, ते गोळी बदलतील.

कोणती लक्षणं दिसली की उशीर करायचा नाही?

एकटं लक्षण फार सांगत नाही. दोन-तीन एकत्र आली तर सांगतं. बोटांचे आणि मनगटाचे सांधे सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणं, उन्हाने उठणारे चट्टे, मूठमूठ केस गळणं, टाळूवर न दुखणारे फोड, कारण न सापडणारा ताप, दीर्घ श्वासाला छातीत टोचणं, थंडीत किंवा गार पाण्यात बोटं पांढरी-निळी पडणं, वारंवार गर्भपात. आणि सकाळी डोळ्यांखाली, संध्याकाळी पायांवर सूज, लघवीला फेस. ही शेवटची दोन असतील तर बाकीच्यांची वाट पाहू नका.

चेहऱ्यावरचं हे वांग आहे की ल्युपस?

वांग सपाट, तपकिरी असतं, खाजत-जळत नाही, गरोदरपणात वाढतं. ल्युपसचा चट्टा लालसर असतो. सावळ्या रंगावर तो जांभळट-काळसर दिसतो. किंचित उठलेला, उन्हात जळजळणारा, दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर पसरलेला. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जी घडी जाते ती मोकळी राहते. आरशात ती घडी बघा.

औषधाच्या दुकानातून मागून आणलेली ‘गोरं करणारी’ क्रीम दोन्हींत घात करते. त्यातल्या बऱ्याच क्रीममध्ये जोरदार स्टिरॉईड असतं. महिनाभर चेहरा छान दिसतो, मग त्वचा पातळ होऊन कायमची लाल पडते, आणि खरा चट्टा कोणता हे डॉक्टरलाही कळेनासं होतं.

सिकलसेल आणि ल्युपस यांत गोंधळ कसा होतो?

दोन्हींत रक्त कमी, सांधे-हाडं दुखणं, छातीत दुखणं आणि मूत्रपिंडाला इजा. सिकलसेलचा त्रास लहानपणापासून असतो, डोळे पिवळट असतात, आणि दुखण्याचा झटका येतो तेव्हा पांढऱ्या पेशी बहुधा वाढतात. ल्युपस सहसा वयात आल्यावर सुरू होतो आणि त्यात पांढऱ्या पेशी (४ हजारांखाली) व प्लेटलेट (१ लाखाखाली) उतरू शकतात. सिकलसेलच्या रुग्णांत एएनए नुसतं पॉझिटिव्ह येणं काही दुर्मीळ नाही.

एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. तेव्हा सिकलसेलचं कार्ड डॉक्टरांसमोर ठेवायलाच हवं, कारण स्टिरॉईडने सिकलसेलचा झटका उठू शकतो. विदर्भात ल्युपसची शंका आली की सिकलसेलची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी, असं आमचं ठाम मत आहे.

कोणत्या तपासण्या, आणि कुठे?

सुरुवात गावाजवळच होते. लघवी, हिमोग्लोबिन, पेशींची मोजणी आणि ब्लडप्रेशर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात होतं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात. एएनए, अँटी-डीएसडीएनए, सी३ आणि सी४ या ल्युपसच्या खास रक्त तपासण्यांसाठी मोठा दवाखाना लागतो: नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एम्स नागपूर, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, किंवा अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय महाविद्यालयं.

या सगळ्यांत काही रुपयांची लघवीची पट्टी सगळ्यात मोलाची आहे. ल्युपसच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांत मूत्रपिंड धरलं जातं आणि ते दुखत नाही. लघवी नीट घ्या: सकाळची पहिली, आधी जागा पाण्याने धुवून, सुरुवातीची धार सोडून मधली स्वच्छ डबीत. पाळी चालू असताना नको, अंगावरून पांढरं जात असेल तर सांगा. तासा-दोन तासांत पोचवा. ताप असताना किंवा दिवसभर राबल्यावर प्रथिन खोटं दिसू शकतं, म्हणून पट्टीवर प्रथिन १+ आलं तर आठवड्याने पुन्हा करा. पुन्हा आलं तर प्रथिन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर काढा. ते ०.५ च्या वर असेल तर मोठ्या दवाखान्यात जावंच लागेल. तिथे बहुधा मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासतात. सुईने तुकडा काढतात, मूत्रपिंड काढत नाहीत. निदान झालेल्यांनी दर तीन महिन्यांनी लघवी तपासावी.

एएनए पॉझिटिव्ह आलं. म्हणजे ल्युपसच ना?

नाही. १:८० च्या पातळीवर निरोगी माणसांतही दहातल्या एकाला पॉझिटिव्ह येतं. क्षयरोग, कुष्ठरोग, मलेरियातही येऊ शकतं. उलट बाजूने ही तपासणी जास्त कामाची: एएनए निगेटिव्ह असेल तर ल्युपसची शक्यता फारच कमी उरते. लक्षणं नसताना नुसत्या रिपोर्टवर कुणी औषध सुरू केलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

मलेरियाची गोळी का दिली?

ती हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन. मूळची मलेरियाची, पण ल्युपसमध्ये तीच पाया आहे. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. पुष्कळ जणी महिनाभरात ‘गुण नाही’ म्हणून सोडतात आणि तिथेच गाडी घसरते. मात्रा वजनावर: किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमहून जास्त नको. ४० किलोच्या बाईला २०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. सगळ्यांना सरसकट दोन देणं चूक. जेवणानंतर घ्या. डोळ्याचा पडदा पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा, मूत्रपिंड खराब असेल तर आधीपासूनच. लहान लेकराने दोन-चार गोळ्या गिळल्या तर जिवावर बेतू शकतं, डबी उंचावर ठेवा.

स्टिरॉईडने बरं वाटतंय, चालू ठेवू का? की बंद करू?

दोन्ही स्वतःहून नको. तीन आठवड्यांहून जास्त घेतलेली प्रेडनिसोलोन (ही स्टिरॉईडची गोळी) एकदम थांबवली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं आणि मृत्यूही होऊ शकतो. मात्रा पायरीपायरीने उतरवतात, रोज ५ मिलिग्रॅम किंवा त्याखाली आणण्याचा प्रयत्न असतो. ‘वाताची पुडी’ घेऊन दोन दिवसांत उड्या मारायला लागलात तर त्यात स्टिरॉईड मिसळलेलं असण्याची दाट शक्यता आहे. पुडी घेत असाल तर डॉक्टरांना आणून दाखवा. सांधे दुखले म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेत राहणं मूत्रपिंडाला घातक. सल्फाच्या गोळ्यांनी, उदाहरणार्थ को-ट्रायमोक्सॅझोलने, ल्युपस भडकू शकतो. आजाराचं नाव सांगितल्याशिवाय कोणतंही औषध घेऊ नका.

लग्न, मूलबाळ?

होतं. आजार किमान सहा महिने शांत असावा आणि गर्भ राहण्याआधी औषधं तपासून घ्यावीत. मायकोफिनोलेट, सायक्लोफॉस्फामाइड, मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहेत, ती आधीच बदलावी लागतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन मात्र गरोदरपणात चालू ठेवायची. सासूबाईंनी किंवा शेजारणीने सांगितलं म्हणून ती थांबवू नका. बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रात नको. पाळणा लांबवायला माला-डी, माला-एन नको, त्यांत इस्ट्रोजेन असतं. बहुतेकींना तांबी चालते.

हा लागट आहे का? बाहेरचं तर नाही?

लागट नाही. एका ताटात जेवा, लेकराला पाजा. मेंदू धरला गेला तर झटके येतात, बाई असंबद्ध बोलते, भास होतात. त्याला अंगात आलं म्हणून दोन दिवस घालवले तर मेंदूचं नुकसान कायमचं राहू शकतं. मन दुसरीकडे मानत असेल तर मानू द्या, पण गाडी आधी दवाखान्याकडे वळवा.

रात्री-अपरात्री कधी निघायचं?

१०८ ला फोन करा, जर: झटका आला, श्वास लागला, एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, लघवी फार कमी झाली, किंवा स्टिरॉईड चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला. हा ताप ल्युपसचाच असेल असं धरू नका, जंतुसंसर्ग आधी शोधावा लागतो. सोबत सगळी औषधं आणि जुने कागद एका पिशवीत न्या.

पैसे किती लागतील?

हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आणि प्रेडनिसोलोन ही महाग औषधं नाहीत, सरकारी दवाखान्यात विचारा. दाखल व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. कोणत्या उपचाराला ते लागू होतं हे योजनेतल्या दवाखान्यातला आरोग्यमित्र सांगतो, दाखल होण्याआधीच त्याला गाठा. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या. पुढच्या प्रत्येक तपासणीला नागपूर गाठायची गरज नाही: ब्लडप्रेशर आणि लघवी जवळच्या केंद्रात करा, तारीख आणि आकडा वहीत लिहा, आणि सल्ल्यासाठी उपकेंद्रातून ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन सल्ल्याची सेवा) डॉक्टरांशी बोलता येतं का ते आशाताईंना विचारा.